विनय जी डिस्क शोधत होता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

दोन हजार पाच साल. सांता क्लाराला नोकरी, एच-वन व्हिसा, आणि रूम पार्टनर विनय — नागपूरचा, नुकतंच लग्न झालेलं, शुभदा वहिनी व्हिसाची वाट बघत तिकडेच. माणूस इतका सरळ, की राग यायचा. खरंच यायचा. मी पुण्याचा, त्यामुळे त्याची टिंगल करणं हा माझा हक्कच आहे असं मी धरून चाललो होतो.

आमचा मॅनेजर डेव्ह डिस्क गोल्फचा वेडा. प्लास्टिकची तबकडी फेकत फेकत साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीपर्यंत न्यायची, कमीत कमी फेकींत जो नेईल तो जिंकला — एवढाच खेळ. डेव्हच्या नजरेत भरावं म्हणून मी ऑफिसमागच्या लॉनवर कित्येक महिने घाम गाळला होता. विनयने डिस्क पहिल्यांदा हातात धरली ती थेट ॲरिझोनाच्या वाळवंटात, लाँग वीकेंडला आमची टीम तिथे गेली तेव्हा. तीसुद्धा डेव्हने वापरायला दिलेली.

कोर्स भयंकर होता. नुसते खडक, निवडुंग, कोरडे ओढे. टोपली कुठे, तर कड्याच्या अगदी टोकाला. वारा डिस्क कुठेही नेऊन टाकायचा. माझी प्रत्येक फेक काट्यांत. आणि हा बाबा — पहिल्यांदा खेळणारा! — हसत हसत पुढे. डेव्ह त्याच्या पाठीवर थापा मारतोय. माझा नुसता जळफळाट. लहान पोराचा होतो तसा. आणि वय काय होतं माझं? तिशीला टेकलो होतो की!

शेवटाकडे विनयची डिस्क खडकांपलीकडे गेली. ती सापडली नाही तर एक फेक दंड. सगळे शोधायला पांगले. मी डावीकडे गेलो — आणि ती दिसली. झुडपाखाली, नारिंगी, ढळढळीत. मी ती — सांगूनच टाकतो — उचलली आणि माझ्या बॅगेत टाकली. विचार केला का? केला. आजूबाजूला कुणी नाही ना, हे बघण्याइतका तरी नक्कीच केला.

त्या दंडामुळे मी जिंकलो, बरं का. एकाच फेकीने.

मग सावलीत बसून सँडविच खाताना विनयची चुळबुळ सुरू. डेव्ह म्हणाला, सोड, माझ्या गाडीत ढीग पडलाय असल्या डिस्कचा. अमेरिकन माणूस सोड म्हणाला की खरंच सोडायचं असतं. पण आपल्याकडे मागून घेतलेली वस्तू हरवली, तर समोरच्याने ‘राहू दे’ म्हटल्यावर सुटका होते का? तो भिडेखातर म्हणतोय, असंच आपण धरतो. विनयनेही तेच धरलं. “दुसऱ्याची वस्तू आहे, चाल ना बे जरा,” म्हणाला मला. भर दुपारी. बॅग माझ्या पायाशी होती. मी म्हणालो, “तू जा रे! नागपूरचा ना तू? तुला काय ऊन लागतंय!” हाच विनोद मग इंग्रजीतही करून दाखवला. सगळे हसले. तोही हसला आणि गेला. पाण्याची बाटली तिथेच राहिली.

बराच वेळ झाला, तो येईना. तरी मी उठलो नाही. उठून काय सांगणार होतो? तोंड उघडलं की चोर ठरलो! शेवटी डेव्हच उठला. विनय ओढ्यात पालथा पडलेला सापडला, अंग नुसतं भाजत होतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, इतक्या उन्हात हा गेलाच कशाला? डेव्हने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हट्टी आहे.

जीव वाचला. पण उष्माघाताने मेंदूला व्हायची ती इजा झालीच — जीभ जड, हात थरथरतात, चालताना तोल जातो. नोकरी संपली. नागपूरला त्याला मीच पोचवलं. शुभदा वहिनींनी रडत माझे दोन्ही हात धरले. तुम्ही होतात म्हणून, म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. वर चहाही प्यायलो.

अजून दर दिवाळीला त्याचा फोन येतो. एकेक शब्द जुळवत बोलतो, घाई केली की अडखळतो. आणि न चुकता माफी मागतो — माझ्या मूर्खपणापायी तुमची सगळ्यांची ट्रिप वाया गेली, म्हणतो. मी त्याला म्हणतो, “जाऊ दे रे. मी कधीच माफ केलं तुला.”