शिसवी वाघाचा जबडा

लातूरच्या एका डॉक्टरांना तंबाखूचे पाइप जमवायचा नाद आहे. स्वतः सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत. देशोदेशींच्या राष्ट्रीय प्राण्यांच्या तोंडाचे पाइप त्यांच्या कपाटात आहेत. आपला वाघ तेवढा राहिला होता, तो कोरायचं काम माझ्याकडं आलं. मी नांदेडला शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात लाकूड कोरते.

हिमायतनगरहून एका मोडक्या पलंगाचा शिसवी पाय आणला. कागदावर वाघ काढून काढून कंटाळले. सगळे लग्नातल्या बॅण्डवाल्याच्या कोटावर शोभतील असे. शेवटी चिडून अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं तोंड काढलं. ते ताट भिरकावून आईवर धावून जायचे तेव्हा नाकावर सुरकुत्या चढायच्या, वरचा ओठ दातांवरून मागं सरकायचा. ते हुबेहूब उतरलं, तेच वाघाला दिलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आई गेल्यावर अप्पा माझ्याकडं राहायला आले तेव्हा मी दारातच बजावलं होतं, या घरात कुणी कुणावर हात उचलणार नाही. ते मी स्वतःलाही बजावलं होतं, कारण माझं डोकं त्यांच्यावरच गेलंय.

सुरकुत्या खोल याव्यात म्हणून जबडा तासून तासून फार पातळ केला. त्यात डॉक्टरांची अट, पाइप एकदा तरी ओढलेला पाहिजे, नाहीतर ते खेळणं. आमच्या घरात ओढणारे एकटे अप्पा, आणि तेही चिलीम.

"सावकाश ओढा अप्पा. हे लाकूड हाय, माती न्हाई."

"मला शिकवून राहिलीस का?" म्हणत त्यांनी चिलमीला गुंडाळतात तसं दांडीला ओलं फडकं गुंडाळलं, पाइप दोन्ही मुठींत आवळला आणि गाल आत जाईपर्यंत दम मारला. तंबाखूवर जाळ उठला. मी नको नको म्हणेपर्यंत दुसरा दम. टच् असा आवाज झाला आणि ओठापासून डोळ्यापर्यंत वाघ उभा चिरला.

"लई कच्चा निघाला गं तुझा वाघ," ते हसत म्हणाले.

मी पाइप हिसकावला आणि तसाच त्यांच्या खांद्यावर हाणला. निखारे सदऱ्यावर सांडले, ते त्यांनी तळहातानं झाडले आणि अप्पा उठले. आता येतील अंगावर, या एकदा, असंच मला वाटत होतं. इतक्या वर्षांचं सगळं दंडात गोळा झालं होतं. पण ते भिंतीला टेकून खाली बसले आणि आई धरायची तसा कोपर तोंडापुढं धरला.

"मारू नगं, बाई."

तिथं तरी माझा हात थांबायला पाहिजे होता. दुसरा फटका त्या कोपरावरच बसला.