धुतलेले दगड

हे मी कोणालेच सांगतलं नाई. नवऱ्याले नाई, सख्ख्या बहिणीले नाई. मंग तुमाले काऊन सांगून राह्यली? मलेबी नाई समजत. पण आज जेवताना पुन्हा तेच झालं आन् माहं डोकं फिरलं — स्वतःवरच.

आमी चंद्रपूरचे. सकाळी खिडकी पुसली का दुपारी बोट काळं होते — कोळशाची धूळ, दुसरं काय! लगन होऊन आली तवा हातात घेतलेलं फडकं मी अजून खाली ठेवलं नाई. मळकं दिसलं का पुसाचं. विचार कराचाच नाई.

सासूबाई गेल्या तवापासून सासरे, म्हंजे आमचे मामाजी, दिवसभर भिताडाकडे पाहत बसत. मंग एक दिवस त्याइनं हॉलमधी काचेची टाकी मांडली. समुद्राच्या मासोळ्यांची! समुद्र कुठी, आमी कुठी? तरी मीठ कालवलं, दगड रचले, एक नारंगी मासोळी सोडली. बाकीच्या कवा? तं म्हणे, पाणी पिकू दे. दगडावर न दिसणारे जंतू वाढतेत, मासोळीची घाण तेच खातेत. ते पुरेसे झाले का मंग दुसऱ्या आणू. रोज काचेच्या नळीत पाणी घेऊन, औषधाचे थेंब टाकून, पाण्यात घाण किती ते रंगावरून पाहत. आन् — हे सांगाले पायजे — रोज दाढी कराले लागले होते.

मी मात्र चिडून राह्यली होती. दगडावर तपकिरी साय धरली; मामाजी म्हणत, पाणी पिकलं का आपोआप जाईन. येणारा-जाणारा हसे, "काहो वहिनी, पाणीच पाळलं का?" त्यात नणदेच्या सासरचे येणार होते. मामाजी बाजारात गेले तसे मी दगड काढले, पाणी गाळाचा आतला स्पंज काढला, नळाखाली घासघास घासले आन् होते तसे रचून ठेवले. सवय होती, असं म्हणून मी सुटीन काय? त्याइनं बजावलं होतं, दगडाले हात लावू नोको. मी ऐकलं होतं. मले वाटलं, म्हाताऱ्याचं खूळ.

मामाजी आले, पाह्यलं, आन् हरखूनच गेले. "सूनबाई, साय आपोआप गेली वो! पाणी पिकलं!" तवा तरी सांगाचं ना? इतकं सोपं होतं! मी पोहे करत राह्यली. दुसऱ्या दिवशी ते नागपूरहून आणखी दोन मासोळ्या घेऊन आले.

तिन्ही मेल्या. नळीतला रंग पार बिघडला होता — घाण खाणारे जंतू मीच नळाखाली धुऊन टाकले होते. मामाजी टाकीपाशी खुर्ची घेऊन बसले, हाताकडे पाहत. "खुशीखुशीत दाणे जास्त पडले असन. हात थरथरते ना आता."

नुसती गप राह्यली असती तरी चाललं असतं. पण नाई. मी म्हटलं, "हो मामाजी. जास्तच टाकता तुमी."

टाकी माळ्यावर गेली. दाढी पुन्हा वाढली. तुळशीले पाणी टाकत ते, तेबी सोडलं. नातीले दूध ओतून देत, तेबी सोडलं. कोणी 'काऊन' म्हणून इचारलं नाई. मले माहीत होतं, म्हणून मीबी नाई.

आज ताटावर बसल्यावर त्याइनं मिठाची वाटी माह्याकडे सरकवली. "तूच टाक सूनबाई. माह्या हातानं जास्त पडते."

मी टाकलं.