हाव म्हणजे हो

माणसाच्या प्रत्येक वागण्याची नोंद झाली तर जगातली निम्मी भांडणं मिटतील, असं मनापासून मानणारा पुण्यात एकच माणूस होता आणि तो आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. मी तिथे मावशी, म्हणजे घंटा द्यायची, पाणी भरायचं, वर्ग झाडायचे. सर वारज्याहून हडपसरला स्कूटरवर यायचे आणि कोणत्या सिग्नलला किती वेळ थांबावं लागलं ते आल्या आल्या वहीत लिहायचे. कशाला, म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, "असू द्या. कधीतरी त्या सिग्नललाच दाखवीन." कॉम्प्युटरशी ते अहो-जाहो बोलत. तो अडकला की हात जोडून म्हणत, "अहो, सकाळी चांगले होतात ना आपण? मग आत्ताच काय झालं?" इतिहासाच्या बाई एकदा म्हणाल्या, "एवढ्या अदबीनं मोठ्या बाईंशी बोलला असतात तर एव्हाना सुपरवायझर झाला असतात." मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. सरांनी टोमणा नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, "मोठ्या बाई अडकत नाहीत ना."

त्या काळात आमच्या भागात आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आपली शाळा मागे राहू नये असं संस्थेला वाटलं. शाळेच्या प्रोग्राममध्ये हजेरी आणि गुण होतेच, आता मुलांची वागणूकही त्यात घालायची ठरली. सरांना आकाश ठेंगणं झालं. मूल चांगलं वागलं की नावापुढे हिरवी टिकली, वाईट वागलं की लाल. लाल दहा झाल्या की दुसऱ्या दिवशी पालकांना पत्र, आपोआप छापून बाहेर. वागण्याचे प्रकार सरांनी काढले एकशे चौदा. त्यात 'खिडकीबाहेर पाहणे' वेगळं आणि 'खिडकीबाहेर पाहून हसणे' वेगळं. यादी पक्की करायला त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "मावशी, तुम्ही चौथी शिकलात. तुम्हाला कळलं की सगळ्यांना कळलं. सांगा, अनुचित प्रत्युत्तर म्हणजे काय?"

मी म्हटलं, "काय की, सर."

"मोठ्यांना उलट बोलणं."

"मग तसंच लिहा की."

त्यांनी खरंच तसंच लिहिलं. असे वीस-बावीस शब्द माझ्यामुळे बदलले, आणि दर शब्दाला ते उभं राहून "आभारी आहे" म्हणायचे. माझे कुणी आभार मानले की कुठे बघावं ते मला कळत नाही. मी आपली माऊसकडे बघायची. पहिला आठवडा त्यांनी फक्त स्वतःचंच वागणं नोंदवलं. उशिरा आले म्हणून एक लाल, चूक कबूल केली म्हणून लगेच एक हिरवी. "सर, तुमच्या दहा लाल झाल्या तर पत्र कुणाला?" असं मी विचारलं, तर गंभीर होऊन म्हणाले, "आईला. आणि ती येईल हो शाळेत."

आठवीत त्या वर्षी यवतमाळकडची एक मुलगी नवीन आली होती. वडील इथल्या एका कंपनीत पाळीनं कामाला. अंगानं बारीक, नजर खाली, मधल्या सुट्टीत न सांगता माझी बादली धरू लागायची. एक दिवस सरांनी मला बोलावून पडद्यावर तिचं नाव दाखवलं. नावापुढे नऊ लाल टिकल्या, नऊच्या नऊ 'मोठ्यांना उलट बोलणे' या प्रकारात. सर हळहळून म्हणाले, "मावशी, शाळेतली सगळ्यात उद्धट मुलगी. वाटत नाही ना? म्हणून तर नोंद हवी."

मला ते पटेना. दोन दिवसांनी ती नळापाशी रडत उभी दिसली. दहावी टिकली पडली होती आणि पत्र उद्या जाणार होतं. "पत्र आलं तं गावाले धाडतो म्हणाले बाबा," ती म्हणाली. "तिथं सातवीच्या पुढं शाळाच नाही, मावशी."

मी विचारलं, "अगं पण तू बाईंना बोलतेस तरी काय?"

"काईच नाही वो. बाई म्हणतात, गृहपाठ झाला का? मी म्हटलं, हाव."

त्यांच्याकडे हाव म्हणजे हो. इतिहासाच्या बाई त्यावर म्हणत, "कसली हाव? हाव घरी ठेवून यायची." वर्ग हसायचा आणि हिला लाल टिकली. नवव्या टिकलीनंतर पोरीनं धसका घेतला आणि ती नुसती मान हलवू लागली. तर यादीत तेही होतं, 'विचारल्यावर उत्तर न देणे'. ती दहावी.

मी इथल्याच मांजरी गावची. माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी 'हाय' निघालं की शिक्षकांच्या खोलीत हशा पिकतो, म्हणून मी तिथे तोंड उघडत नाही. पण त्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले आणि एका दमात म्हटलं, "सर, ती उद्धट न्हाई. हाव म्हंजी हो हाय."

सरांनी पडद्यावर तिच्या नोंदी काढल्या. "म्हणजे ती नऊ वेळा हो म्हणाली?"

"हो."

मग ते कॉम्प्युटरकडे वळून म्हणाले, "अहो, ऐकलंत का?"

मी म्हटलं, "पुसून टाका की टिकल्या."

"नोंद पुसायची नसते, मावशी. आज हिची पुसली तर उद्या कुणाचीही पुसतील."

त्या माणसाचा मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. "मग पोरगी पुसली जाईल, त्याचं काय?"

सर उभे राहिले, पण आभारी आहे म्हणाले नाहीत. डबाही न उघडता दुपारभर टकटक करत बसले. संध्याकाळी यादीत एकशे पंधरावा प्रकार आला, 'आपल्या बोलीत हो म्हणणे', रंग हिरवा. जुन्या दहाही नोंदी जागच्या जागी राहिल्या, पण प्रत्येकीखाली खुलासा आला आणि टिकलीचा रंग बदलला. शिवाय एक नवीन रकाना आला: मूल काय बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा, त्याशिवाय लाल टिकली पडणार नाही. ते सगळं छापून घेऊन सर मोठ्या बाईंकडे गेले. पत्र निघालं नाही. इतिहासाच्या बाई फणकारल्या, "मला कुणी सांगितलं होतं का?" पण दुसऱ्या दिवशी मी आठवीच्या वर्गावरून जात होते, तर बाई तिलाच विचारत होत्या, "झाला का गृहपाठ?" पोरगी घाबरून गप्प. बाई खाली वाकून हळूच म्हणाल्या, "अगं हाव म्हण, हाव."

पुढच्या वर्षी सरांना बंगलोरच्या कंपनीत नोकरी लागली. शाळेत दुसरा प्रोग्राम आला. त्यात वागणुकीचे पाचच प्रकार आहेत आणि शब्द मला विचारून घातलेले नाहीत. मुलगी मात्र शाळेत राहिली. परवा दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन आली आणि आधी कॉम्प्युटरच्या खोलीत डोकावली. तिथे आता नवीन मॅडम असतात. मग माझ्याकडे आली आणि सरांच्या वाटणीचा पेढाही तिनं माझ्याच हातावर ठेवला. "सरायले सांगजा, मावशी," म्हणाली. "तुम्हीच सांगजा."

बंगलोरला जाताना सरांनी दिलेला नंबर माझ्याकडे आहे. मी कधी लावला नाही. एवढ्या लांब फोन करून मी काय बोलणार, असं वाटायचं. आता बोलायला काहीतरी आहे. कसं बोलायचं ते आधी लिहून पाहावं म्हणून बसले, तर एवढं झालं. उद्या मधल्या सुट्टीत लावीन.