मामाजी मागत नाहीत

वर्धा जिल्ह्यात हट्टी माणसांचा तोटा नाही, पण सरकारकडे काहीही न मागता मागण्यांचे ठराव लिहिणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं थोर की तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामाजी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि नालवाडीत माझ्या हार्डवेअरच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर घर बांधून राहिले. घर कसलं, छावणीच ती! अंगणाच्या कडेच्या विटांना दर दिवाळीला चुना, चपला दाराशी टाचेला टाच लावून, आणि कपड्यांच्या दोरीवरचे चिमटेसुद्धा एका अंतरावर, एका दिशेला तोंड करून. मामींनी एकदा रागाच्या भरात सगळे चिमटे वेडेवाकडे लावून ठेवले. चहा हातात घेऊन मामाजी नुसते त्या दोरीकडे बघत उभे राहिले, चहा गार झाला तरी हलेनात. शेवटी मामींनाच दया आली. चिमटे सरळ करता करता त्या मला म्हणाल्या, "माया बी येते याहिची, अन् डोक्सं बी उठते."

माजी सैनिकांच्या आमच्या जिल्हा संघटनेत मामाजी ठराव समितीचे प्रमुख आहेत. कुणी काही गाऱ्हाणं आणलं की समिती मसुदा लिहिते, मसुदा हुद्द्याच्या उतरंडीनं फिरतो, प्रत्येक जण त्यात आपलं मीठ घालतो, मग बैठकीत वाचून हात वर होतात आणि कागद सरकारी साहेबांकडे जातो. मी काही फौजी नाही. आयुष्यात खिळे मोजण्यापलीकडे शौर्य गाजवलेलं नाही. पण दुकानात कॉम्प्युटर आहे आणि मला मराठी टाइप करता येतं, एवढ्या गुन्ह्यासाठी मला समितीत भरती करून घेतलं. बैठकांच्या वेळेचीही एक गंमतच आहे. फौजेत वेळेच्या थोडं आधी पोचायची शिस्त. त्यामुळे अध्यक्ष असलेले कॅप्टनसाहेब बैठक अकराची ठेवतात, मामाजी खाली निरोप देताना थोडं आधीची सांगतात, त्यांच्या हाताखालचे नायब सुभेदार त्याच्याही आधीची, आणि निरोप जाम गावच्या माजी शिपायांपर्यंत पोचतो तेव्हा ती मंडळी सकाळी झाडणारीच्याही आधी येऊन पायरीवर डबे उघडून बसलेली असतात. उशीर झाला म्हणून वर माफीही मागतात.

पण मामाजींची खरी खोड न मागण्याची. फौजेत एकट्यानं साहेबांपुढे उभं राहून आपली अडचण सांगता येते, पण चार जणांनी मिळून काही मागितलं की ती बेशिस्त. हे मामाजींच्या हाडात मुरलं आहे. मी एकदा वैतागून म्हणालो, "मामाजी, अहो संघटना असतेच मुळी मागण्यासाठी!" तर माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू मी भर दिवसा बंदूक चोरली. "चौघांनं मिळून मांगणं म्हंजे बगावत होते, जवाईबुवा. वर्दी उतरली म्हणून आदत उतरते काय?" जामच्या बसथांब्यावर सावलीला शेड हवं होतं, तर मामाजींनी ठराव लिहिला: "शासनास सोयीचे असल्यास व इतर कामांस बाधा येत नसल्यास, शेड उभारण्याचा विचार होण्यास या सभेची हरकत नाही." वरून उत्तर आलं की आमचीही हरकत नाही. शेड काही आलं नाही, पण मामाजी आठवडाभर खुशीत होते. "पायलं? जवाब आला. साहेब लोक भले असते." जामची मंडळी अजून उन्हातच उभी असतात.

या सगळ्याला मी हसत होतो, तोवर देवळीच्या हवालदारांचं प्रकरण आलं. हे हवालदार म्हणजे मामाजींचे पलटणीतले जिवलग, एका ताटात जेवलेले. त्यांना लकवा झाला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. औषधं वर्ध्याच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यातून मिळायची, पण तिथला नियम असा की रुग्णानं दर महिन्याला स्वतः हजर राहायचं. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. वहिनी दर महिन्याला शेजाऱ्यांच्या मदतीनं त्यांना उचलून ऑटोत घालायच्या आणि देवळीहून वर्ध्याला आणायच्या. एका खेपेला रस्त्यातच त्यांना फेफरं आलं. डॉक्टरांनी वहिनींना साफ सांगितलं की असे हाल पुन्हा केले तर माणूस हाती लागणार नाही. वहिनी तशाच मामाजींच्या दारात आल्या. "भाऊजी, याहिले नेलं तं वाटेत जातीन, नाई नेलं तं दवाईबिगर जातीन. मी काय करू?" मामाजी म्हणाले, "वयनी, ठराव करतो. तुमी घरी जा."

मी त्याच दिवशी दोन ओळींचा मसुदा केला, की अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची औषधं त्याच्या घरच्या माणसाच्या हाती द्यावीत, अशी आमची मागणी आहे. मामाजींनी तो उभ्यानं वाचला आणि आधी 'मागणी' खोडून 'नम्र विनंती' केलं. मग कागद नायब सुभेदारांकडे गेला. त्यांना वाटलं की नुसतीच विनंती उद्धट दिसते, आधी दवाखान्याच्या शिस्तीचं कौतुक यावं. कॅप्टनसाहेबांचं म्हणणं पडलं की नियम म्हणजे हुकूम, तेव्हा आधी तो पाळण्याची ग्वाही द्यावी, मग काय ते बोलावं. हे सगळं घातल्यावर मजकूर दुसऱ्या पानावर गेला, आणि मामाजींच्या मते साहेब लोक एका पानापलीकडे वाचत नाहीत. काहीतरी कापणं आलं. कौतुक कापलं तर अपमान, ग्वाही कापली तर बेशिस्त. मग कापलं काय? शेवटची विनंती. "मामाजी," मी ओरडलोच, "यात हवालदार कुठे राहिले?" तर शांतपणे म्हणाले, "समजदार को इशारा काफी. एवढी तारीफ केली, तं साहेब इचारतीनच ना, का काही तकलीफ आहे काय?" ठराव सर्वानुमते पास झाला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोही सलाम ठोकणारा! आमच्या संघटनेनं एकमुखानं जाहीर केलं होतं की हजेरीचा नियम उत्तम आहे आणि सर्व सभासद दर महिन्याला न चुकता समक्ष हजर राहतील. दवाखान्याला तो ठराव इतका आवडला की त्यांनी तो औषधांच्या खिडकीशेजारी भिंतीवर चिकटवला.

एकट्याच औषधं मागायला गेलेल्या वहिनींना त्या खिडकीवरून परत पाठवलं, आणि तिथेच त्यांनी तो वाचला. पुढच्या बैठकीला अजून हजेरी चालू होती, तेवढ्यात बाहेर ऑटो थांबला आणि वहिनी पदर खोचून आत आल्या. "भाऊजी, तुमी लिवून देल्लं ना, का सारे हजर राहू? आणले मी त्याहिले. बाहेर ऑटोत हायेत. घ्या हजेरी." नायब सुभेदार टेबलावरच्या फुलदाणीकडे बघायला लागले. मामाजी उठून बाहेर गेले, मीही मागे गेलो. हवालदार दोन उशांच्या मधे कलंडलेले होते. मामाजींना बघून त्यांचं अर्धं तोंड हसलं. मग डाव्या हातानं त्यांनी आपला निर्जीव उजवा हात धरला आणि कपाळापर्यंत न्यायची धडपड सुरू केली. हात दोनदा मांडीवर पडला. तिसऱ्यांदा मामाजींनीच तो वरच्या वर धरला. "बस झालं बे," मामाजी म्हणाले, आणि तो हात त्यांनी हळूच उशीवर टेकवला.

आत येऊन ते खुर्चीवर बसलेच नाहीत. "जवाईबुवा, लिहा. आमी मांगतो." नायब सुभेदार चाचरत म्हणाले, "साब, मांगतो का विनंती..." "विनंती गेली चुलीत!" मामाजी असे गरजले की पायरीवरचे जामचे शिपाई सावधानमध्ये उभे राहिले. "आमी मांगतो. सारे मिळून मांगतो. माणूस मरून राह्यला अन् आपण तारीफा लिवतो? हात वर करा." कॅप्टनसाहेबांचा हात सर्वात शेवटी वर गेला, पण गेला. माझ्या त्या जुन्या दोन ओळीच शेवटी पास झाल्या.

आणि खरं सांगतो, महिनाही लागला नाही. दवाखान्यानं कळवलं की अशा रुग्णांची औषधं घरच्या माणसाच्या हाती देऊ. वहिनी एकट्याच बसनं आल्या, पिशवी घेऊन गेल्या, आणि जाताना मामींच्या गळ्यात पडून रडल्या. मला वाटलं होतं मामाजी छाती फुगवून हिंडतील. कुठचं काय! संध्याकाळी ते माझ्या दुकानाच्या ओट्यावर येऊन बसले, चहा आला तरी कपाला हात लावला नाही. "एवढं सोपं होतं काय?" ते म्हणाले. "मांगितलं का भेटते?" मी हसलो. ते हसले नाहीत. रस्त्याकडे बघतच ते सांगू लागले. ते बर्फात चौकीवर होते तेव्हा गावाकडे त्यांच्या आईनं अंथरूण धरलं होतं. साहेब स्वतः फिरत आले होते आणि प्रत्येकाला विचारत होते, काही अडचण आहे का? मामाजींच्या खिशात घरची तार होती. "मी म्हणलं, नाई साब, सब ठीक. चौकीवर माणसं कमी होते. कसं मांगावं? बुढी गेली, तेव्हा मी तिथंच होतो." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सुट्टी मांगितली असती तं देल्ली असती काय हो?"

दिली असती, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. साहेब विचारत आला होता, म्हणजे दिलीच असती. पण मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, "नाही मामाजी. त्या वेळी कुठली देतात? नसती दिली."

"हो ना," मामाजी म्हणाले, "नसतीच देल्ली." आणि बऱ्याच वेळानं त्यांनी चहाचा कप उचलला.