वाढ मागायची रीत

"अशी नाही. तुमच्या रीतीनं माग. पदर पसर आणि म्हण."

ओव्हरसियर खुर्चीत बसून बोलत होता. तंबूच्या सावलीत. माझी आई त्याच्या समोर उन्हात उभी होती. डोक्यावर चुंबळ तशीच, हातांना माती. तिच्या मागे आम्ही बाया. शेजारी आमच्या गावचा मुकादम, पाटलाच्या भावकीतला, तोंडात पान.

आई म्हणाली, "काय म्हनू, सायेब?"

मुकादमच बोलला. "आवं सायेब, तिला ठावं हाय. ही दारोदार फिरायची तवा म्हनायची, वाढ गं माय! लय गोड गळा व्हता."

साहेब हसला. कारकून हसला. पाण्याचा बॅरल भरणारासुद्धा हसला.

आम्ही काय मागायला गेलो होतो ते सांगते. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. जतकडच्या माळावर सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं होतं. आम्ही माती उचलायची, बांधावर टाकायची. मजुरी मिळायची आणि दुपारी सुकडी. भाजलेल्या पिठात गूळ घालून केलेलं कोरडं खाणं. पत्र्याच्या डबड्यानं मोजून द्यायचे. काम सुरू झालं तेव्हा सांगितलं होतं की महागाई बघून वर्षाला सुकडीचं माप वाढेल. वर्ष झालं. गूळ महागला, तेल महागलं, रेशनची तांबडी ज्वारीही महागली. डबडं तेच. आणि त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवरच्या रेडिओनं सांगितलं, सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वाढला. साहेबाच्या तंबूत त्या दिवशी पेढे वाटले. कामावर सातवी शिकलेली मी एकटीच होते. मी बायांना म्हटलं, त्यांची वाढ झाली, मग आपली कुठं आहे? चला विचारू.

आईला पुढं केलं, कारण ती वयानं मोठी आणि बोलायला शांत. मी मागं राहिले. तंबूपाशी जाऊन ती एवढंच म्हणाली, "सायेब, सुकडीत वाढ पायजे."

वाढ. आपली भाषाही काय गमतीची आहे. साहेबाचा पगार वाढतो तीही वाढ. आणि भिकाऱ्याच्या झोळीत शिळं टाकतात तेही वाढणंच. साहेबानं नेमका तोच धागा पकडला. "वाढ पाहिजे? मग वाढ मागायची एक रीत असते."

आमची रीत त्याला कुठून माहीत असणार? मुकादमानं वाकून त्याच्या कानात सांगितली. माझ्या बापाकडे गावची येसकरकी होती. येसकर म्हणजे गावाचा राखणदार महार. दिवसभर गावाची कामं करायची आणि संध्याकाळी त्याच्या बायकोनं घरोघर जाऊन भाकरी मागायची. उंबऱ्यापासून लांब उभं राहून. वाढ गं माय. धर्मांतर झालं तेव्हा माझ्या बापानं येसकरकीची काठी चावडीत नेऊन टाकली आणि आई त्या दिवसापासून कुणाच्या दारात उभी राहिली नाही. मला यातलं काही आठवत नाही. मी तिच्या कडेवर होते. गावाला मात्र सगळं आठवत होतं.

"म्हण की," साहेब म्हणाला. "म्हटलंस तर उद्यापासून माप वाढवतो. सगळ्यांचं वाढवतो."

त्यानं ते आईच्या एकटीच्या गळ्यात टाकलं. म्हटलं तर सगळ्यांच्या पोरांना जास्त सुकडी. नाही म्हटलं तर सगळ्यांच्या तोंडचा घास हिनं काढला. हरामखोर डोक्यानं तल्लख होता, नाही म्हणत नाही मी.

बायांमधून एक आवाज आला. पाटलाच्या भावकीतली काकी. तिच्या घरी रान होतं, बैल होते. पण पाऊस नाही म्हटल्यावर रान काय चाटायचंय? दुष्काळानं तिलाही पाटी उचलायला आणलं होतं. पाहुण्यारावळ्यांनी ओळखू नये म्हणून तोंडाला पदर गुंडाळून यायची. तो पदर जरा खाली ओढून ती म्हणाली, "म्हन की गं बाई. एका शब्दानं काय जातंय तुजं?"

साहेबाच्या हसण्यानं मला जेवढं भाजलं नव्हतं तेवढं त्या वाक्यानं भाजलं. आमच्या शेजारी बसून सुकडी खाणारी. एकाच मातीच्या पाट्या उचलणारी.

आईनं चुंबळ खाली ठेवली. पदराची दोन टोकं धरली. तिचे ओठ हलायला लागले. मी पुढं झाले आणि तिच्या तोंडावर हात दाबला. सगळ्यांसमोर. माझ्या तळव्याला तिचा गरम श्वास लागला. ती माझा हात काढायला बघत होती. मी काढू दिला नाही.

मी काकीकडे वळले. "काकी, शब्दच हाय न्हवं? मग तुमी म्हना."

काकी मुकादमाकडे बघायला लागली.

"म्हना की. वाढ तुमालाबी पायजे. एका शब्दानं काय जातंय?"

काकीनं पदर परत तोंडावर ओढला. मी बाकीच्या बायांकडे बघितलं. एकेक करून सगळ्यांनी माना खाली घातल्या. साहेबाचं हसू आटलं. मुकादम थुंकला. "उद्यापास्नं दोघी कामावर येऊ नगा."

घरी येताना ओढ्यात आईनं मला कानफटीत दिली. "माजं तोंड धरतीस? माजं? म्हनले असते मी. तुज्या भावांसाठी म्हनले असते, तुला काय त्याचं?" तिचं खोटं नव्हतं. घरी धाकटे दोघं होते आणि आता चुलीवर ठेवायला काही नव्हतं. बाप जाऊन तीन उन्हाळे झाले होते. पुढचे दिवस आम्ही कसे काढले ते सांगत नाही. भुकेचं वर्णन वाचून ज्यांना जेवण गोड लागतं त्यांनी दुसरीकडे जावं.

आई माझ्याशी बोलायची बंद झाली.

मग एक दिवस मी फाट्यावर सरपणाला गेले होते. तिथं सांगलीहून सुकडी आणणारा ट्रक थांबला होता. चाकात हवा नव्हती. ड्रायव्हर ओळखीचा, बोलका माणूस. म्हणाला, "काय गं, कामावर दिसत न्हाईस?"

मी सांगितलं. वाढ मागितली म्हणून काढलं.

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "कसली वाढ? माप वाढलंय की गं. मागल्या म्हयन्यापास्नं जादा पोती टाकतोय मी. त्या तंबूतच उतरवली. सायबाच्या खुर्चीमागं थप्पी लावलीया न्हवं!"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

आई पदर पसरत होती तेव्हा वाढ तंबूत येऊन पडलेली होती. आमची वाढ. सरकारनं दिलेली. त्या पोत्यांना पाठ टेकून तो बसला होता आणि माझ्या आईला म्हणत होता, माग. ती पोती कुठं जाणार होती, कुणाच्या म्हशींपुढं पडणार होती, ते त्याला आणि मुकादमाला माहीत. पण मला त्या चोरीपेक्षा त्या खेळाचा राग आला. जे आमचंच होतं ते भीक म्हणून द्यायचा खेळ. त्याचा भत्ता वाढला तेव्हा त्यानं कुणापुढं पदर पसरला होता?

मी सरपण तिथंच टाकलं. घरी जाऊन आईला सांगितलं. ती उठली, जेवायची पितळी घेतली आणि माझ्या पुढं चालायला लागली.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारची सुटी झाली होती. बाया रांगेत बसल्या होत्या. मी थेट तंबूत शिरले. साहेब "ए, ए" म्हणेपर्यंत खुर्चीमागची ताडपत्री ओढून काढली. पोती. थप्पीच्या थप्पी. मी ओरडले, "आयाबायांनो, वाढ म्हयन्यापास्नं हितं हाय. हा हिच्यावर बसलाय!"

रांग मोडली. बाया तंबूला भिडल्या. कुणाच्या हातात खोरं, कुणाच्या हातात दगड. मारायचं म्हणून नव्हे, हातात होतं म्हणून. पण त्याला ते कुठं माहीत होतं? साहेबाचा चेहरा पांढराफटक. "वाटतो, वाटतो," म्हणाला आणि डबडं मुकादमाच्या हातात दिलं.

मी म्हटलं, "मुकादमानं न्हाई. तुमी वाढा."

तो वाकला. इस्त्रीच्या शर्टानं, घड्याळाच्या हातानं पोत्यात हात घातला आणि वाढायला लागला. एकेकीला. घामानं पीठ त्याच्या कोपरापर्यंत चिकटलं होतं. मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तो असाच वाकलेला राहावा, त्याची कंबर मोडावी असं वाटलं. सगळ्यात पुढं काकी बसली होती. तिनं दोनदा घेतलं.

आईची पाळी आली. साहेब सवयीनं म्हणाला, "पदर धर."

आई म्हणाली, "पदरात घेनार न्हाई. पितळीत वाढा."

त्यानं पितळीत वाढलं.

यानंतर सगळं नीट झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. साहेबाची बदली झाली, तीही चांगल्या गावी. मुकादम पुढं सोसायटीचा चेअरमन झाला. आम्हा दोघींना त्या कामावर परत घेतलं नाही. वाढलेलं माप बाकीच्यांनी खाल्लं. आम्ही सांगलीला आलो, हळदीच्या पेठेत. आई हळद निवडता निवडता खोकून गेली. त्या दुपारबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही.

गावाकडून निरोप येतात. झालं गेलं विसर, काकी आता म्हातारी झाली, तुझी आठवण काढते. काढू दे. मी विसरणार नाही आणि माफही करणार नाही. माफी द्यायला आधी कुणीतरी मागावी लागते.

आता मी करते ते असं. भत्त्याची बातमी आली की पेठेतल्या, रोजगार हमीवरच्या बाया गोळा करते आणि कचेरीवर जाते. दर वर्षी. शिपाई विचारतो, काय मागायला आलात? मी सांगते, मागायला नाही आलो, वसुलीला आलोय. मागच्या वर्षी आम्हाला दारातून हाकललं. यंदा आम्ही दारात थांबणार नाही. आत जाऊ, साहेबाच्या खुर्चीमागं काय झाकलंय ते आधी बघू, मग बोलू.