साफ रक्त

माझी मुलगी नुकती बसायला लागली होती, तेव्हा तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजली. हात लावला की कळवळून रडायची. सासूबाईंनी हळद-चुना लावून पाहिला, पण सूज उतरेना, म्हणून आम्ही तिला वरठीहून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं आणि सिकलसेल निघाला. पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात, म्हणून हे दुखणं.

मी वाहक आहे हे मला कॉलेजपासून माहीत होतं. लग्नाआधी मी ते सांगितलंही होतं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या घरात कोणालेच नाही असं. काही होत नाही."

डॉक्टरांनी समजावलं, की हा आजार आई आणि बाप दोघांकडून आला तरच होतो. म्हणून कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी नवऱ्याने सिकलसेल तपासणीच्या शिबिरात जाऊन रक्त दिलं. परीक्षानळीतल्या द्रावणात थेंब टाकतात. द्रावण गढूळ झालं आणि नळीमागच्या कागदावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या, तर दोष आहे. त्याच्या नळीतून रेषा स्वच्छ दिसत होत्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला ओसरीत उभं केलं.

"माह्या पोराचं रक्त साफ आहे. पोरीत एक तुह्याकडून आलं. मंग दुसरं कोणाचं?"

नवरा गाडी पुसत होता. मी त्याला विचारलं, "तू काही बोलत नाहीस?"

"मी काय बोलू? रिपोर्ट तर तूही पाहिला," तो म्हणाला आणि पुसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन आंबागडला माहेरी आले. बाबांनी नातीला कडेवर घेतलं. पण आईने चुलीपाशी, मान वर न करता विचारलं, "बाई, तसं काही झालं तर नव्हतं ना?" सासूचं बोलणं मी एकवेळ विसरेन. आईचा तो प्रश्न नाही.

मुलीचं दुखणं वाढत गेलं, तेव्हा भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी आम्हाला नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाई बराच वेळ रिपोर्ट पाहत होत्या.

"हिच्या पेशी फार लहान आहेत. नुसत्या सिकलसेलमध्ये सहसा इतक्या लहान नसतात. वडिलांना आणा."

"त्यांचं तपासलंय. साफ आहे."

"कसं तपासलं?"

मी नळी आणि रेषांचं सांगितलं.

"ती तपासणी फक्त सिकलचा दोष पकडते. बाकीचं तिला दिसत नाही," त्या म्हणाल्या.

नवऱ्याला बाबांनी जाऊन आणलं. त्याचं रक्त मशीनवर लावलं. त्या मशीनमध्ये हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे होतात आणि प्रत्येक किती आहे ते मोजलं जातं. त्याच्यात सिकलचं हिमोग्लोबिन नव्हतंच, पण ए-टू नावाचं, जे अगदी थोडं असायला हवं, ते जास्त भरलं.

डॉक्टरबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, "तुम्ही थॅलेसेमियाचे वाहक आहात. आईकडून मुलीला सिकलचा जनुक मिळाला. तुमच्याकडून मिळालेला जनुक चांगलं हिमोग्लोबिन बनवतच नाही. म्हणून तिच्यात मुख्यतः सिकलचंच दिसतं. दोघांकडून अर्धं-अर्धं आलंय."

त्याने विचारलं, "म्हणजे पोरगी माहीच आहे?"

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यात शंका होती का?"

माझे बाबा उठून बाहेर गेले.

मी वरठीला परतले, कारण मुलीच्या गोळ्या आणि तपासण्या भंडाऱ्यात होत्या आणि आंबागडहून दर वेळी जाणं तिला झेपत नव्हतं. दुसरं कारण नव्हतं. सासूबाई शेजारणींना सांगू लागल्या, "दोघायच्याही रक्तात थोडं थोडं निघालं." ओसरीवरचं बोलणं त्यांनी कधी काढलं नाही. नवरा एकदा म्हणाला, "झालं ते सोडून दे ना." आता मुलीचे पाय दुखले की तोच आधी उठतो, पाणी गरम करतो, तिचे पाय शेकत बसतो. मला ते दिसतं. दिसून मन वळत नाही.

मागच्या हिवाळ्यात नणंदेला पाहायला पाहुणे येणार होते. मी सासूबाईंना म्हटलं, "हिचंही एकदा मशीनवर तपासून घेऊ. भावात आहे, हिच्यातही असू शकतं. मुलाचंही तपासायला सांगू."

"चूप राय. पाहुण्यायसमोर रक्ताची गोष्ट काढशील तर पाय."

नवरा तिथेच होता. तो पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत राहिला.

नणंद चहाचा ट्रे घ्यायला स्वयंपाकघरात आली. हळूच म्हणाली, "वहिनी, ते मशीन नागपूरलेच आहे का?"

"हो. जाऊ आपण, मी येते सोबत."

तिने पदर सारखा केला, ट्रे उचलला आणि बाहेर गेली. लग्न ठरलं, झालंही. तिला आता दिवस गेलेत. तपासणी दोघांपैकी कोणाचीच झालेली नाही.