मंडळाचे पहिले बाळंतपण

आमच्या सुधारक मंडळात अकरा सभासद होते आणि शत्रू एकही नव्हता. आम्हाला विरोध करावा, इतके बडोद्यात कोणी मनावरच घेतले नाही. महाराज हुकूम काढत आणि शाळा सक्तीची होई. आम्ही ठराव करत असू आणि चहा होई. मुख्य ठराव असा, की सभासदांच्या मुलांवर जुने संस्कार करायचे नाहीत. पाचवी नाही, जावळ नाही, मुंज नाही. अशी मुले मोठी होऊन मंडळ चालवतील, हा हिशेब.

चूक एकच होती. आमच्यात बाळंतपण माहेरी होते. सभासदांच्या बायका सातव्या महिन्यात वाईला, साताऱ्याला जात आणि मूल घेऊन परतत ते पाचवी पुजलेले, पत्रिका मांडलेले, गळ्यात ताईत घातलेले. आठ घरांतली मुले अशी हातची गेली. एकाला मूल नव्हते. राहिलो मी आणि आमचे अध्यक्ष. अध्यक्षांनी चळवळीसाठी लग्नच केले नव्हते.

माझ्या बायकोला दिवस गेले, तेव्हा सगळ्या मंडळाला आशा लागली. अध्यक्ष घरी आले. हे मूल बडोद्यातच जन्मू द्या, हेही गेले तर मंडळ आमच्याबरोबरच संपेल, असे त्यांनी तिला कळकळीने सांगितले.

"राहते की, भाऊजी. सुईण इथंही मिळेल. पण बाळाला न्हाऊमाखू कोण घालणार? माझी शेकशेगडी कोण करणार?"

"मंडळ आहे ना, वहिनी."

"मंडळातलं कोण?"

हा प्रश्न पुढच्या सभेत घेण्याचे अध्यक्षांनी कबूल केले.

सभा जोरात झाली. सभासदांच्या बायकांनी पाळीपाळीने यावे असे ठरले. बायकांना विचारायचे तेवढे राहिले होते. विचारल्यावर कळले, की दोघी माहेरी आहेत आणि बाकीच्यांना सवड नाही. एक सभासद स्वतः यायला तयार होता, पण बाळ धरतात कसे ते त्याला आधी कोणी तरी दाखवायला हवे होते. शेवटी मंडळाने माझ्या पत्नीविषयी सहानुभूतीचा ठराव केला. तो मी तिला वाचून दाखवला.

"बरं," ती म्हणाली, "आता तिकीट काढा."

मुलगा झाला. तीन महिन्यांनी ती परतली ती जेजुरीला जावळ काढायचे कबूल करून. मी मंडळाच्या नियमाची आठवण करून दिली. तिच्या आईने रात्री जागून काढल्या होत्या, आणि त्याबदली मागितले होते फक्त नातवाचे जावळ. "तिला मी नाही म्हणू?" तिने विचारले.

आमच्या समोरच्या घराच्या ओटल्यावर भजन चाले. त्या भजनवाल्यांचा नियम नव्हता की ठराव नव्हता. बाया कडेवर मूल घेऊन येत, ते मांडीवर झोपे, आणि दात पडायच्या वयात टाळ धरू लागे. ते भजन अजून चालू आहे.

जावळाला मी रजा काढून गेलो. परत आलो तेव्हा नियमभंगाबद्दल अध्यक्षांनी माझे नाव कमी केले होते. बाकीच्या आठ बापांची नावे त्यांनी त्याच कारणाने आधीच कमी केली होती, आणि मूल नसलेल्याचे गैरहजेरीबद्दल. आता ते एकटेच सभा भरवतात, आणि सगळे ठराव एकमताने मंजूर होतात.